रुजू, बदली, निवृत्त : कृषी विस्तार सेवेतल्या माणसांचा इतिहास



शेतीच्या विषयावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने का बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असणार. रास्त आहे. मी वर्गात वर्षानुवर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं. म्हणजे आपल्याला जे कळतं ते कशावरून कळतं, आणि दुसऱ्याने सांगितलेलं आपण खरं का मानतो, हा विषय. आता बघा, कृषी विस्तार म्हणजे तरी दुसरं काय आहे? संशोधन केंद्रातल्या माणसाला काहीतरी कळलेलं असतं. ते निफाडच्या, सटाण्याच्या, पेठच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं असतं. आणि नुसतं पोचून भागत नाही. त्याने त्यावर विश्वास ठेवून आपलं बियाणं, आपला पैसा आणि आपला एक हंगाम पणाला लावायचा असतो. तेव्हा हा शेतीइतकाच विश्वासाचा विषय आहे.

कृषी विस्ताराचा इतिहास सहसा योजनांच्या नावांनी सांगतात. अमुक साली अमुक योजना आली, तमुक साली ती गुंडाळली. मी तो आज दुसऱ्या बाजूने सांगणार आहे. विद्यापीठांच्या वार्तापत्रांत, खात्याच्या परिपत्रकांत, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक मजकूर असतो, जो कोणी वाचत नाही. कोण रुजू झालं, कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली, कोण नियत वयोमानाने निवृत्त झालं, आणि कोणाच्या जागेचा अतिरिक्त कार्यभार कोणाकडे दिला. नातेवाइकांपलीकडे त्याला वाचक नसतो. माझं म्हणणं असं आहे, की विस्तार सेवेचा खरा इतिहास या चार ओळींत आहे. बांधावर कोण आलं आणि ते किती दिवस टिकलं, यावर बाकी सगळं ठरत गेलं.

सुरुवात एकोणिसाव्या शतकापासून करू. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला खाऊन गेला. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाने प्रत्येक प्रांतात शेतकी खातं असावं अशी शिफारस केली आणि त्या दशकात मुंबई इलाख्यात खातं उभं राहिलं. खातं म्हणजे काय, तर वर काही गोरे अधिकारी, खाली काही कारकून, आणि मोजकी प्रायोगिक शेतं. खेड्यात जाणारा माणूस जवळजवळ नव्हताच.

याच दशकात, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातली जमिनीची आणि पाण्याची चर्चा आपण नेहमी करतो. पण त्यात कर्मचाऱ्यांचा प्रश्नही आहे, तो आपण पुरेसा वाचत नाही. सरकारी कचेरीत बसलेला माणूस आणि शेतकरी यांच्यात अंतर आहे; त्या अंतराचा फायदा मधला माणूस घेतो; म्हणून शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण द्या, त्यात शेतीचंही शिक्षण असू द्या, चांगलं पिकवणाऱ्याला बक्षिसं द्या, असा त्यांचा रोख आहे. योजना काय आहे यापेक्षा खुर्चीत कोण आहे हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. नाव देणं सोपं असतं, त्यांचा प्रश्न घेणं अवघड.

त्यानंतर काही वर्षांनी, १८८९ मध्ये, जॉन ऑगस्टस व्हेल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. सरकारची अपेक्षा होती, की अडाणी रयतेला काय शिकवायचं ते हे गृहस्थ सांगतील. त्यांनी सांगितलं ते उलटच. इथला शेतकरी आपल्या कामात सामान्य इंग्रज शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, काही बाबतींत सरस आहे. त्याला अडचण आहे ती साधनांची. म्हणजे शिकवायला जाणाऱ्याने आधी शिकून घ्यावं, असा त्याचा अर्थ. विस्तार सेवेच्या पायात हा दगड तेव्हाच बसायला हवा होता. तो बसला नाही.

अपवाद होते. हॅरॉल्ड मॅन १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात प्राचार्य म्हणून आले, पुढे इलाख्याचे शेतकी संचालक झाले आणि १९२७ पर्यंत याच मुलखात राहिले. वीस वर्षं! पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांनी घरोघर अभ्यास केला, तो १९१७ मध्ये छापला. नंतर ना. वि. कानिटकरांच्या बरोबर जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला, तो १९२१ मध्ये आला. कोणाकडे किती जमीन, ती किती तुकड्यांत, कर्ज किती, पोटाला पुरतं किती, सगळं. एक परदेशी माणूस हे करू शकला, कारण तो हलला नाही. त्याच्या काळात इलाख्यात तालुका विकास मंडळंही सुरू झाली. लोकांच्या वर्गणीला सरकारी अनुदानाची जोड, आणि त्यातून बियाणं, अवजारं, प्रात्यक्षिकं. १९२६ ते १९२८ या काळात लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली जो शाही शेती आयोग बसला, त्यानेही या मंडळांची दखल घेतली.

इथे जरा थांबून अमेरिकेकडे बघू, कारण आपल्या कृषी विद्यापीठांचा नमुना तिकडून आला. तिथे १८६२ च्या कायद्याने शेतीची आणि यांत्रिक कलांची महाविद्यालयं उभारायला सरकारी जमिनी दिल्या गेल्या. मग १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायदा झाला आणि विस्ताराचं काम त्याच विद्यापीठांकडे आलं. तिथला काउंटीतला विस्तार कार्यकर्ता हा विद्यापीठाचा माणूस असतो, आणि त्याच्या पगारात केंद्र, राज्य आणि स्थानिक काउंटी असे तिघांचे पैसे असतात. स्थानिक लोक पैसे देतात म्हणून त्याच्यावर त्यांचा हक्कही असतो. त्यामुळे तिथल्या विस्तार सेवांची वार्तापत्रं पाहिलीत तर नवा माणूस कोण आला, जुना कोण निघाला, ही बातमी मोठ्या आपुलकीने दिलेली दिसते. ती गावाची बातमी असते, खात्याची नसते.

आपण विद्यापीठांचा नमुना घेतला, पण हा भाग वगळून. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९६० मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ झालं. महाराष्ट्रात १९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं, १९६९ मध्ये अकोल्याचं, १९७२ मध्ये दापोली आणि परभणीचं. नाशिक जिल्हा राहुरीच्या क्षेत्रात आला. या विद्यापीठांकडे शिक्षण आलं, संशोधन आलं, आणि विस्तार शिक्षण संचालनालयही आलं. पण गावोगाव फिरणारा माणूस शासनाच्या कृषी खात्याकडेच राहिला. म्हणजे ज्याला कळलं तो एका आस्थापनेवर, आणि जो सांगायला जाणार तो दुसऱ्या. दोघांचे वरिष्ठ वेगळे, सेवापुस्तकं वेगळी, बदल्यांचे आदेश वेगळे. ही फट पन्नास वर्षांत पूर्ण भरली गेली नाही.

आता त्या गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे येऊ. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा. त्याआधी १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इटावाला अल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुविशारदाच्या मार्गदर्शनाखाली प्रयोग झाला होता. त्यातूनच गावपातळीवरच्या बहुउद्देशीय कार्यकर्त्याची कल्पना आली. आपण त्याला फार सुंदर नाव दिलं : ग्रामसेवक. पाच-दहा गावांमागे एक माणूस. त्याने शेतीचं सांगायचं, आरोग्याचं सांगायचं, शाळेचं, रस्त्याचं, विहिरीचं. सायकलवरून फिरायचं. त्या पिढीतल्या ग्रामसेवकांविषयी जुनी माणसं अजून मायेने बोलतात.

पुढे काय झालं? १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. लोकशाहीच्या दृष्टीने मोठंच पाऊल. पण ग्रामपंचायतीचं दप्तर कोणी तरी सांभाळायला हवं होतं. ते ग्रामसेवकाकडे आलं. घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, दाखले, सभेचं इतिवृत्त. हळूहळू बांधावरचा माणूस टेबलामागे गेला. कोणी त्याला तसा आदेश दिला नव्हता. कागदाची तारीख ठरलेली असते आणि पिकाच्या सल्ल्याची नसते, म्हणून रोज कागद जिंकत गेला. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं पदनाम केलं. म्हणजे ज्या शब्दात सेवा होती तो शब्दही सरकारी कागदावरून गेला.

मग शेतीचं कोण सांगणार? १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने प्रशिक्षण आणि भेट योजना देशात आली. डॅनियल बेनॉर नावाच्या इस्रायली तज्ज्ञाची ही पद्धत. महाराष्ट्रात ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पसरली. तिची रचना मला एक तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार आवडते. कार्यकर्त्याकडच्या शेतकऱ्यांचे आठ गट करायचे. पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, प्रत्येक गटाकडे जायचंच. पंधरवड्यातून एकदा त्याचं स्वतःचं प्रशिक्षण. त्यात विषयतज्ज्ञ येणार, आणि त्या विषयतज्ज्ञांनी दर महिन्याला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर बसायचं. सर्वांत महत्त्वाचं, या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही. खतवाटप नाही, वसुली नाही, नोंदवह्या नाहीत. फक्त सल्ला.

दोष त्यातही होते. संपर्क शेतकरी म्हणून निवडले जायचे ते बहुधा गावातले बऱ्या परिस्थितीतले. वरून आलेला संदेश खाली सांगायचा, खालचा प्रश्न वर जायचा नाही. आणि खर्च फार. परदेशी कर्ज संपलं तसा डोलारा खचत गेला. तरीपण मंगळवारी अमुक माणूस आपल्या शिवारात येणार, हे गावाला माहीत असणं ही साधी गोष्ट नव्हती. ठरलेला वार हेच एक वचन असतं.

१९९८ मध्ये महाराष्ट्रात एक खिडकी पद्धत आली. मृद्‌संधारण, फलोत्पादन आणि विस्तार या खात्याच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र झाल्या. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभागीय, मग तालुका, मग मंडळ कृषी अधिकारी, त्याखाली कृषी पर्यवेक्षक आणि सर्वांत शेवटी कृषी सहायक अशी उतरंड झाली. शेतकऱ्याला चार दारं हिंडावी लागू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण दारं चारची एक झाली, आणि त्या एका दाराशी उभा राहिलेला माणूसही एकच. शेततळ्याची मापं त्यानेच घ्यायची, फळबाग लागवडीचे प्रस्ताव, ठिबकच्या अनुदानाची तपासणी, पीक कापणी प्रयोग, ऑनलाइन अर्जांची पडताळणी. आणि गारपीट झाली की पंचनामे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट नाशिककरांना आठवत असेल. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून पंचनामे करत होते. शेतकऱ्याची आणि कृषी सहायकाची गाठ पडायची ती नुकसान झाल्यावर, अर्ज घेऊन. सल्ल्यासाठी पडायची राहून गेली.

२०२५ मध्ये कृषी सहायकांचं आंदोलन झालं आणि त्यांचं पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’ असं झालं. कोणी म्हणेल, नावात काय आहे. मी तसं म्हणणार नाही. सगळ्यांत खालच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या माणसाला मान हवा असतो, त्यात गैर काही नाही. पण सत्तर वर्षांचा हा नामांतराचा प्रवास एका ओळीत बघा : सेवकाचा अधिकारी, सहायकाचाही अधिकारी. मान मिळवायचा तर अधिकारीच व्हावं लागतं, ही आपल्या समाजाची समजूत त्या कागदावर उमटली आहे.

आता मी माझ्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे. म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरूनही खरं ज्ञान होऊ शकतं. मात्र सांगणारा आप्त असला पाहिजे. आप्त म्हणजे मराठीत आपण जे नातेवाईक म्हणतो ते इथे अभिप्रेत नाही. विश्वास ठेवावा असा माणूस, असा अर्थ. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन त्याची लक्षणं सांगतो. त्या माणसाला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली असावी, जशी कळली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी, आणि सांगायला तो प्रवृत्त झालेला असावा. पुढे तो एक विलक्षण गोष्ट नोंदवतो, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जन्मावर नाही, पदावर नाही, पदनामावर तर नाहीच.

पण ऐकणाऱ्याला कसं कळायचं, की समोरचा आप्त आहे? न्यायाचं उत्तर व्यवहारी आहे. वेदांच्या प्रामाण्याची चर्चा करताना ते आयुर्वेदाचा दाखला देतात. औषधाने गुण आला हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. मग जे डोळ्यांनी दिसत नाही त्याबाबतही त्याचं ऐकायला मन तयार होतं.

आपला शेतकरी नेमकं हेच करतो, सूत्रं न वाचता. नवा कृषी सहायक गावात आला. पहिल्या खरिपात शेतकरी त्याला नुसता बघतो. हा वेळेवर येतो का, विचारलं तर माहीत नाही म्हणायची याची तयारी आहे का, कोणत्या दुकानाची चिठ्ठी तर देत नाही ना. दुसऱ्या हंगामात तो त्याचं एखादं स्वस्तातलं ऐकतो. बीजप्रक्रिया करून बघ म्हणाला ना, करू एका वाफ्यावर. पैसा थोडा, धोका थोडा. गुण आला तर तिसऱ्या वर्षी अर्ध्या एकरावर नवं वाण. वाफ्यापासून अर्ध्या एकरापर्यंत यायला तीन वर्षं लागतात, कारण हंगाम वर्षातून एकदाच येतो. त्याला घाई करता येत नाही.

आणि आपल्याकडे २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. त्यात एका पदावरचा सामान्य कालावधी किती? तीन वर्षं. म्हणजे गावाचा विश्वास बसायला आणि बदलीचा आदेश यायला एकच गाठ. कायद्याची बाजूही मांडली पाहिजे. मनमानी बदल्यांना आळा बसावा, मर्जीतल्यांनाच सोयीच्या जागा मिळू नयेत, म्हणून तो झाला. गट ‘क’ मधल्या मंत्रालयाबाहेरच्या कर्मचाऱ्याला एका कार्यालयात दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षंही मिळू शकतात. एप्रिल-मेमध्येच बदल्या व्हाव्यात असा नियम आहे, तोही मुलांच्या शाळांच्या दृष्टीने बरोबर. पण हा कायदा सगळ्या शासकीय सेवांना एकाच मापाने मोजतो. शिक्के मारणारं पद आणि विश्वास कमावणारं पद यांत तो भेद करत नाही. त्यात एखादी जागा रिकामी राहिली की शेजारच्या गावांचा भार त्याच माणसावर येतो, आणि मग कोणत्याच गावाला त्याचा वार ठरलेला राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जरा जास्तच टोचते, कारण हा एक जिल्हा नाहीच, दोन आहेत. पूर्वेला आणि मध्यावर निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला. द्राक्षं, कांदा, टोमॅटो. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. भात, नागली, वरई. पश्चिमेकडे कोकणा, महादेव कोळी, वारली माणसं. तिथे आप्त व्हायचं तर बोलीही कानावर बसावी लागते. आदिवासी भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीची सवलत शासनाने दिली आहे. पैशाने माणूस तिथे हजर राहील. रमेल की नाही हे पैशावर ठरत नाही.

पूर्वेकडची गोष्ट वेगळी. तिथे माणसं टिकली तेव्हा काय झालं, ते नावांतच राहिलं आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या वाणांच्या नावांत जी ‘एनआय’ अक्षरं येतात ती निफाडची. त्या केंद्राने दिलेल्या वाणांची नावं बघा : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. आपला अख्खा भूगोल गव्हाच्या ओंब्यांत आहे. कांद्यातला ‘एन-५३’ हा खरिपाचा लाल कांदा नाशिकच्या स्थानिक कांद्यातूनच निवडलेला. ‘बसवंत-७८०’ पिंपळगाव बसवंतचा. निवड पद्धत म्हणजे काय? शेतकऱ्याच्याच शेतातलं बियाणं घ्यायचं, हंगामामागून हंगाम लावायचं, चांगलं ठेवायचं, वाईट काढायचं. एक वाण उभं राहायला सात-आठ, कधी दहा हंगाम जातात. मध्येच माणूस बदलला आणि त्याच्या डोळ्यांत बसलेली ओळख नोंदवहीत उतरलेली नसली, तर काम मागे जातं.

द्राक्षाचं मात्र सरकारी माणसावाचून बरंच निभावलं. बागायतदारांनी संघ काढला, चर्चासत्रं भरवली, परदेशी जाऊन आले, एकमेकांच्या बागा बघितल्या. खरड छाटणी, गोडी छाटणी, खुंट, संजीवकं, हे सगळं ज्ञान शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेलं. आता तर फी घेऊन बागेत येणारे खासगी सल्लागार आहेत. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने आपला आप्त विकत घेतला, असंही म्हणता येईल. पण त्यालाही मर्यादा असतात हे २०१० मध्ये दिसलं. त्या वर्षी युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपण ज्याला लिहोसिन म्हणतो त्याचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. ते संजीवक काही चोरून वापरत नव्हते. वेलीची शाकीय वाढ आटोक्यात ठेवायला उघडपणे वापरायचे. युरोपात त्याची मर्यादा किती, हे कुठल्या तरी कागदावर लिहिलेलं होतं. ते बागेपर्यंत वेळेवर आलं नाही. नुकसान शेतकऱ्याचं आणि निर्यातदाराचं झालं. माहिती जगात असणं आणि ती सांगणारा जबाबदार माणूस बागेत असणं, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

या दोहोंमधली फट भरायचा एक प्रामाणिक प्रयत्न म्हणजे कृषी विज्ञान केंद्रं. पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीला झालं. आपल्या नाशिकला १९९४ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं केंद्र झालं. मुक्त विद्यापीठाकडे कृषी विज्ञान केंद्र ही वेगळीच गोष्ट होती, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणणाऱ्या विद्यापीठाला शोभणारीही. अशा केंद्राला मंजूर पदं किती असतात? सोळा. एक प्रमुख, सहा विषयतज्ज्ञ, आणि बाकी कार्यक्रम सहायक, प्रक्षेत्र व्यवस्थापक, कार्यालयीन कर्मचारी, वाहनचालक वगैरे. सोळा माणसांनी काही लाख शेतकऱ्यांचे प्रश्न बघायचे. म्हणून तिथली एक बातमी, ‘अमुक विषयतज्ज्ञ अन्यत्र रुजू झाले’, ही सोळातला एक गेल्याची बातमी असते. कीटकशास्त्राचा माणूस गेला आणि त्या वर्षी मक्यावर लष्करी अळी आली, तर विचारायचं कोणाला?

यावर आजचं उत्तर तयार असतं : मोबाइल. २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे. व्हॉट्सॲपचे गट आहेत, यूट्यूब आहे, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप्स आली. मी त्यांच्या विरोधात नाही. फोनची बदली होत नाही, तो निवृत्त होत नाही, रात्री अकरालाही उत्तर देतो. पण वात्स्यायनाची लक्षणं लावून बघा. त्याला ती गोष्ट स्वतः कळलेली आहे का? माझ्या शेतातली माती त्याने हातात घेतली आहे का? आणि सल्ला चुकला तर पुढच्या मंगळवारी तो माझ्या बांधावर येऊन मान खाली घालून उभा राहणार आहे का? चुकल्यावर पुन्हा समोर यावं लागणं, यातूनच माणूस जपून बोलायला शिकतो. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार रोज समोर असतो, म्हणून शेतकरी त्याचं ऐकतो. त्याला माल विकायचा आहे हे माहीत असूनही ऐकतो, कारण तो तिथे आहे. सरकारी माणूस निष्पक्ष असतो, पण तो तिथे नसतो. ही आपल्या विस्तार सेवेची आजची खरी कोंडी आहे.

मग करायचं काय? इतिहास सांगणाऱ्याने उपाय सांगू नयेत असा संकेत आहे. तो थोडा मोडतो.

बदली होते तेव्हा कार्यभार हस्तांतरण होतं. त्यात जडवस्तू नोंदवही असते. टेबल किती, खुर्च्या किती, कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे, सगळं मोजून सह्या होतात. पण या गावात कोणत्या शिवारात पाणी साचतं, कोणत्या बाईने परसात भाजीचं बियाणं सांभाळलं आहे, कोणत्या वस्तीला मागच्या वर्षी आपला सल्ला चुकला आणि का, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं. ते जाणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर जातं. लाकडी खुर्चीचा हिशेब देणारी व्यवस्था सहा वर्षांच्या ओळखीचा हिशेब मागत नाही. प्रत्येक गावाची एक वही असावी. जाणाऱ्याने येणाऱ्याला ती गावातच, गावकऱ्यांसमोर द्यावी, आणि एक हंगाम तरी दोघांची गाठभेट राहावी. याला कायदा बदलावा लागत नाही.

दुसरं, विद्यापीठाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात; कृषीदूत, कृषीकन्या म्हणून त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. त्यांना प्रात्यक्षिकाच्या बरोबरीने आणखी एक काम द्या. या गावात आजवर विस्ताराची कोणकोणती माणसं येऊन गेली आणि लोकांना त्यांतली कोण आठवतात, कशासाठी आठवतात, हे लिहून घ्या. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रामसेवकांना, ग्रामसेविकांना पाहिलेली पिढी अजून आहे. ती फार दिवस राहणार नाही. खात्याच्या अहवालात किती हेक्टर, किती टक्के हे मिळेल. गावाने कोणाला आपलं मानलं, ते फक्त गावच सांगू शकतं.

आणि तिसरं तुमच्याआमच्यासाठी. उद्या वर्तमानपत्रात चौकोनात कोणाच्या निवृत्तीची बातमी दिसली, शाल आणि श्रीफळाचा फोटो दिसला, तर पान उलटू नका. एवढं तरी बघा, की हा माणूस कुठे होता, किती वर्षं होता, आणि त्याच्या जागी कोण आलं आहे. बातमीत बहुधा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतील. तिसऱ्याचं मिळालं नाही, तर ते संबंधित कार्यालयाला विचारायचा आपल्याला हक्क आहे. तो प्रश्न गावांनी विचारायला सुरुवात केली पाहिजे.

मी वेळ जरा जास्त घेतला. तुमच्यात शेती करणारे बरेच जण दिसतात, खात्यात नोकरी केलेलेही काही असतील. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे, तेव्हा आता प्रश्न विचारा.